काचेतल्या बाळाला 'हाय पॉवर' औषध का लागू पडत नाही?

"डॉक्टर, पैशाचं बघू नका. उसाचं बिल जमा झालंय. काय असंल ते हाय पॉवरचं इंजेक्शन द्या, पण बाळाला वाचवा."

नवजात अतिदक्षता विभागाच्या, म्हणजे एनआयसीयूच्या दाराबाहेर हे बोलणे आम्ही बालरोगतज्ज्ञ वेगवेगळ्या तोंडून ऐकत असतो. कधी बाप बोलतो, कधी आजी, कधी मामा. आतल्या बाळाची गोष्टही बरीचशी सारखी असते. सातव्या-आठव्या महिन्यात झालेले, सव्वा-दीड किलोचे बाळ. कालपर्यंत नळीतून दिलेले दूध पचवत होते. आज पोट फुगले आहे, अंग गार पडले आहे, मधूनच श्वास थांबतो आहे. दोन दिवसांपूर्वी सुरू केलेले अँटिबायोटिक चालू आहे, तरी बाळ खालावते आहे.

घरच्यांना वाटते, औषध हलके असेल, भारी औषध दिले की बाळ उठेल. आम्हाला सांगावे लागते की भारी औषध दिले आहे आणि तरीही जंतू त्याला दाद देत नाही. मग पुढचा प्रश्न येतो आणि तो अगदी रास्त असतो: "ज्या बाळानं जन्मात एक गोळी घेतली नाही, त्याच्या अंगात औषधाला न मरणारा जंतू आला कुठून?"

हा लेख त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

आत्ताच हा विषय का?

केंद्र सरकारने १८ नोव्हेंबर २०२५ रोजी अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा (२०२५ ते २०२९) जाहीर केला. पहिला आराखडा २०१७ मध्ये आला होता. पाठोपाठ डिसेंबर २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या अहवालाचा दाखला देऊन लोकांना सांगितले की डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका.

सल्ला योग्यच आहे. सर्दी-पडशाला मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणण्याची सवय सुटायलाच हवी. पण या चर्चेतून असा समज होतो की जो गोळ्या खातो त्यालाच त्रास होतो. काचेतल्या बाळाच्या बाबतीत हे खरे नाही. त्याने काहीच केलेले नाही. त्याच्या वाट्याला आलेला जंतू इतरांवर वापरलेल्या औषधांतून तयार झालेला असतो आणि बहुतेक वेळा तो दवाखान्यातच त्याच्यापर्यंत पोहोचलेला असतो.

सेप्सिस म्हणजे काय आणि कमी दिवसांच्या बाळाला तो लवकर का होतो?

जिवाणू रक्तात शिरून शरीरभर पसरतात आणि त्यांच्याशी लढताना शरीराचेच अवयव कोलमडू लागतात, त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. जन्मापासून २८ दिवसांच्या आत झाला तर तो नवजात सेप्सिस.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आपण कमी दिवसांचे बाळ म्हणतो. जागतिक अंदाजानुसार २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळे जन्मली. शंभरातली साधारण तेरा. या बाळांची अडचण चार गोष्टींत आहे.

- आईकडून मिळणारी संरक्षक द्रव्ये (अँटिबॉडी) मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून बाळाकडे जातात. बाळ आधीच जन्मले की ही शिदोरी अर्धवट राहते.
- त्वचा कागदासारखी पातळ असते. चिकटपट्टी काढतानाही ती सोलवटते.
- आतड्याचे अस्तर कच्चे असते. तिथले जंतू सहज रक्तात उतरू शकतात.
- जगवण्यासाठीच त्याला नळ्या, सुया, सलाईन, व्हेंटिलेटर लागतात. यातली प्रत्येक वस्तू म्हणजे जंतूला आत यायला एक दार.

मोठ्या माणसाला ताप येतो, थंडी वाजते. या बाळांमध्ये बरेचदा ताप येतच नाही, उलट अंग गार पडते. दूध पचत नाही, बाळ मलूल होते, श्वास अडखळतो. लक्षणे इतकी मोघम असतात की शंका येताच, रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करावे लागते. हे बरोबरच आहे. सेप्सिसमध्ये काही तासांचा उशीरही बाळाच्या जिवावर बेततो.

जंतू येतो कुठून?

वैद्यकीय पुस्तकांतली जुनी विभागणी अशी: जन्मानंतर पहिल्या ७२ तासांत झालेला संसर्ग आईकडून, प्रसूतीमार्गातून आलेला आणि त्यानंतरचा दवाखान्यातून आलेला. पाश्चात्त्य देशांत ही विभागणी बऱ्याच अंशी लागू पडते. आपल्याकडे ती तशी लागू पडत नाही, हे दिल्लीतल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले.

२०११ ते २०१४ या काळात दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत, तिथेच जन्मून अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० बाळांवर लक्ष ठेवण्यात आले. निष्कर्ष २०१६ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आले. १४.३ टक्के बाळांना सेप्सिस झाला आणि बहुतांश वेळा तो पहिल्या ७२ तासांतच झाला. रक्तात सापडलेल्या जंतूंपैकी सुमारे दोन तृतीयांश 'ग्रॅम-निगेटिव्ह' गटातले होते. त्यात अॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे तीन आघाडीवर. अॅसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के, क्लेबसिएलापैकी ५४ टक्के आणि ई. कोलायपैकी ३८ टक्के जंतू एकाच वेळी अनेक प्रकारच्या औषधांना दाद देत नव्हते.

यातली सगळ्यात महत्त्वाची बाब वेगळीच आहे. पहिल्या ७२ तासांत सापडलेले जंतू आणि नंतर सापडलेले जंतू यांची यादी सारखीच निघाली. अॅसिनेटोबॅक्टर हा ओलसर पृष्ठभागांवर, नळाच्या तोंडाशी, उपकरणांवर तग धरून राहणारा, दवाखान्यातला जुना मुक्कामी आहे. तो दोन दिवसांच्या बाळाच्या रक्तात सापडतो, याचा अर्थ बाळाला तो प्रसूतीगृहात किंवा एनआयसीयूत पहिल्या काही तासांतच भेटला असण्याची शक्यता मोठी आहे.

"ही दिल्लीची मोठी रुग्णालये, आपल्याकडे तसं नाही," असे कोणी म्हणेल. २०२५ मध्ये याच नियतकालिकात देशातल्या पाच जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात कक्षांचा अभ्यास आला. सुमारे साडेसहा हजार बाळांच्या या अभ्यासात रक्तात जंतू सापडलेल्या बाळांपैकी एक तृतीयांशाहून जास्त बाळे दगावली. प्रमुख जंतूंपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक जंतू अनेक औषधांना न जुमानणारे होते. बाहेर जन्मून नंतर आणलेल्या बाळांमध्ये संसर्गाचे प्रमाण तिथेच जन्मलेल्या बाळांपेक्षा जास्त होते. म्हणजे हा प्रश्न महानगरांपुरता उरलेला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणीही तो तितकाच गंभीर आहे.

जंतू इतका हट्टी कसा होतो?

अँटिबायोटिक दिले की बहुतेक जंतू मरतात. एखाद्यात योगायोगाने असा बदल झालेला असतो की औषध त्याला लागू पडत नाही. तो उरतो आणि बाकीच्यांची मोकळी झालेली जागाही त्यालाच मिळते. तण मारायचे औषध शेतात वर्षानुवर्षे एकच मारत राहिलो तर शेवटी त्या औषधाने न मरणारेच तण शेतभर होते, तसाच हा प्रकार.

जंतूंची आणखी एक खुबी आहे. औषध निष्फळ करणारे जनुक ते 'प्लाझ्मिड' नावाच्या छोट्या कड्यांवरून शेजारच्या जंतूला देऊ शकतात, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. क्लेबसिएलाकडची विद्या ई. कोलायकडे जाते. २००८ मध्ये भारतात उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडनच्या रुग्णात 'एनडीएम-१' हे द्रव्य तयार करणारा क्लेबसिएला सापडला. या द्रव्यापुढे कार्बापेनेम हे त्या काळचे राखीव औषधही टिकत नाही. त्याच्या नावात नवी दिल्ली आल्याने २०१० मध्ये मोठा वाद झाला. नावाचा वाद विरला, जनुक मात्र देशोदेशी पसरले.

नवजात बाळांच्या औषधांची पायरी साधारण अशी असते:

- पहिली पायरी: अँपिसिलिन आणि जेंटामायसिन. जागतिक आरोग्य संघटना आजही सुरुवातीला हीच जोडी सुचवते. औषधे स्वस्त आहेत.
- दुसरी पायरी: पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, अमिकासिन यांसारखी औषधे.
- तिसरी पायरी: मेरोपेनेम, म्हणजे कार्बापेनेम गट. घरच्यांच्या भाषेत 'हाय पॉवर'.
- शेवटची पायरी: कोलिस्टिन. मूत्रपिंडावर वाईट परिणाम होतो म्हणून १९७० च्या दशकात जवळपास बाजूला पडलेले हे जुने औषध, दुसरे काही उरले नाही म्हणून पुन्हा वापरात आले.

प्रत्येक पायरीवर औषधाचा वापर वाढला की जंतू तीही पायरी चढतात. आयसीएमआरच्या जाळ्यातील रुग्णालयांत २०२१ साली सापडलेल्या अॅसिनेटोबॅक्टरपैकी ८७.५ टक्के जंतू कार्बापेनेमला दाद देत नव्हते. हा आकडा सर्व वयोगटांतल्या रुग्णांचा आहे, पण जंतू मोठ्यांच्या आयसीयूतून बाळांच्या विभागात येताना वय विचारत नाही.

म्हणून बापाने मागितलेले 'हाय पॉवर' औषध देऊनही उपयोग होत नाही. औषधाची ताकद त्याच्या किमतीत नसते. समोरच्या जंतूवर ते चालते की नाही, एवढाच प्रश्न असतो. जंतू साध्या औषधाला मरणारा असेल तर जेंटामायसिनसुद्धा 'हाय पॉवर' ठरते.

गडचिरोलीने दाखवलेली गोष्ट

याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यसेविका बाळाचे वजन करत, ऊब व स्तनपानाकडे लक्ष देत आणि सेप्सिसची लक्षणे दिसली व घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले तर जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमॉक्सझोल देत. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सेप्सिस झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. आज आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, तो कार्यक्रम याच कामातून पुढे आला.

तिथली बहुतेक बाळे घरी जन्मलेली होती आणि सेप्सिसचे निदान लक्षणांवरून केलेले होते. त्यामुळे त्या आकड्यांची आजच्या एनआयसीयूशी थेट तुलना करता येणार नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्या घरांतल्या जंतूंवर स्वस्त, जुने औषध पुरेसे होते. आज मोठ्या एनआयसीयूत तेच जेंटामायसिन अनेकदा निष्फळ ठरते. औषधाचा रेणू तोच आहे, बाळाच्या भोवतालचे जंतू बदलले आहेत.

याचा अर्थ बाळंतपण पुन्हा घरी करावे असा मुळीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि त्यामुळे असंख्य आया आणि बाळे वाचली. सव्वा किलोचे बाळ घरी वाचवणे फार अवघड आहे. पण बाळंतपण दवाखान्यात आले, तर दवाखाना बाळासाठी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारीही वाढली. आपण खाटा आणि यंत्रे वाढवली. हात धुण्याचे बेसिन, परिचारिका आणि जंतू तपासणारी प्रयोगशाळा त्या वेगाने वाढली नाही.

नवे औषध येईल त्याचे काय?

येईल, पण त्यावर विसंबून राहता येणार नाही. नवी अँटिबायोटिके आधी मोठ्यांवर तपासली जातात, नवजात बाळांपर्यंत त्यांची चाचणी पोहोचायला वर्षे जातात. भारतासह ११ देशांतल्या १९ रुग्णालयांत २०१८ ते २०२० दरम्यान ३,२०४ आजारी नवजात बाळांचा अभ्यास झाला. त्यात डॉक्टरांनी दोनशेहून अधिक वेगवेगळ्या औषधजोड्या वापरल्याचे आढळले. कोणती जोडी सर्वात चांगली याचा भक्कम पुरावा हाताशी नसला की असेच होते. त्यातूनच फॉस्फोमायसिन, फ्लोमॉक्सेफ आणि अमिकासिन या जुन्याच औषधांच्या जोड्या तपासणारी आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू झाली आहे. तिचे निष्कर्ष उपयोगी पडतील. पण जंतू आज बाळाच्या पाळण्याशी आहे.

आज हातात असलेले पाच उपाय

*पहिला: हात.* बाळाला शिवण्याआधी आणि शिवल्यानंतर प्रत्येकाने हात स्वच्छ करणे. अल्कोहोलच्या द्रावणाने वीस ते तीस सेकंद पुरतात. ऐकायला फारच साधे वाटते. पण एका परिचारिकेकडे आठ-दहा बाळे असतील, एक बाळ निळे पडत असेल आणि दुसऱ्याची सलाईन संपलेली असेल, तेव्हा मधले तीस सेकंद सुटतात. म्हणून हात न धुण्याचा दोष नुसता परिचारिकेवर ढकलणे चुकीचे आहे. मनुष्यबळ कमी ठेवणे हेच संसर्गाचे मोठे कारण आहे. एकच सलाईनची बाटली किंवा औषधाची कुपी अनेक बाळांना वापरणे हाही जंतू पसरण्याचा ठरलेला मार्ग, आणि तो टाळता येतो.

*दुसरा: आईचे दूध.* पहिले चिकाचे दूध म्हणजे कमी दिवसांच्या बाळाची पहिली लस समजा. आईला दूध कमी असेल तर दुसऱ्या मातांचे तपासलेले, पाश्चराइज केलेले दूध देता येते. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. वरच्या दुधाने होणारे संसर्ग आणि आतड्याचे आजार टाळण्यासाठी हा मार्ग तेव्हाच दाखवला गेला होता.

*तिसरा: कांगारू काळजी.* आईच्या उघड्या छातीवर बाळाला त्वचेला त्वचा लावून ठेवणे. भारतासह पाच देशांत एक ते पावणेदोन किलोच्या सुमारे ३,२०० बाळांवर झालेल्या चाचणीत, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही काळजी सुरू केली तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सेप्सिसची शंका येण्याचे प्रमाणही कमी झाले. कारण समजण्यासारखे आहे. बाळाच्या त्वचेवर आणि आतड्यात पहिले कोणते जंतू वस्ती करणार, ही चढाओढ असते. आईच्या अंगावरचे निरुपद्रवी जंतू आधी पोहोचले तर दवाखान्यातल्या हट्टी जंतूंना जागा कमी उरते. पण यासाठी आईला एनआयसीयूच्या दाराबाहेर बसवून चालत नाही, तिला आत खाट द्यावी लागते.

*चौथा: ब्लड कल्चर.* औषधाचा पहिला डोस देण्याआधी किमान एक मिलिलिटर रक्त कल्चरसाठी घेणे. कोणता जंतू आहे आणि कोणते औषध चालेल, हे यातूनच कळते. घरचे कधी कधी म्हणतात, "एवढ्याशा बाळाचं किती रक्त काढताय?" काळजी समजते. पण हे रक्त घेतले नाही तर पुढचे सगळे उपचार अंदाजाने करावे लागतात.

*पाचवा: वेळेवर थांबणे.* हा उपाय सर्वात कठीण आहे. ३६ ते ४८ तासांत कल्चरमध्ये जंतू वाढला नाही आणि बाळ चांगले असेल तर औषध थांबवायचे. साधे औषध चालते असा रिपोर्ट आला तर भारी औषध काढून साधे द्यायचे. 'असू दे, सात दिवस पूर्ण करू' हा मोह डॉक्टरांना होतो, कारण बाळ बिघडले तर जाब आम्हालाच द्यावा लागतो. पण गरज नसताना लांबवलेले अँटिबायोटिक त्या बाळाच्या आतड्यातले चांगले जंतू मारते, बुरशीचा संसर्ग आणि आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका वाढवते आणि शेजारच्या पाळण्यातल्या बाळासाठी हट्टी जंतू तयार करते.

कोल्हापूरसाठी याचा अर्थ काय?

शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपला 'थोरला दवाखाना' आहे. खासगी एनआयसीयूही आहेत. जिल्ह्याच्या बारा तालुक्यांतून, शिवाय सीमाभागातून आणि कोकणातून आजारी बाळे इथे येतात. चंदगडहून कोल्हापूर शंभरएक किलोमीटर. एक बाळ कधी कधी दोन-तीन दवाखाने पालथे घालून पोहोचते. प्रत्येक ठिकाणी नवी सुई, नवे हात आणि अनेकदा कल्चर न घेताच दिलेला अँटिबायोटिकचा डोस.

म्हणून आमच्या भागात पुढच्या चार गोष्टी सर्वात आधी व्हायला हव्यात.

- बाळाऐवजी आईला हलवा. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या किंवा पाणमोट फुटली, तर शक्य असेल तेव्हा आईलाच एनआयसीयू असलेल्या दवाखान्यात पाठवणे चांगले. आईच्या पोटाइतकी सुरक्षित रुग्णवाहिका दुसरी नाही. निघण्याआधी बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन मिळाले का, हे पाहावे. व्हेंटिलेटरची गरज कमी झाली की संसर्गाचे एक दार बंद होते.
- ऊसतोड मजूर महिलांची नोंद. गळीत हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या गरोदर महिला फडावर काम करतात. तपासण्या तुटतात, लघवीतला जंतुसंसर्ग आणि रक्तक्षय तसेच राहतात आणि दोन्ही अकाली प्रसूतीला कारण होऊ शकतात. अड्ड्यावरच तपासणी झाली तर काही बाळे काचेत जाण्यापासूनच वाचतील.
- आपला जंतू आपण ओळखा. दिल्लीचे आकडे कोल्हापूरला जसेच्या तसे लावता येत नाहीत. प्रत्येक एनआयसीयूत कोणते जंतू आहेत आणि कोणते औषध चालते, याचा तक्ता दर सहा महिन्यांनी तयार व्हावा. सरकारी आणि खासगी दवाखान्यांनी तो एकमेकांना दाखवावा. यात कोणाची बदनामी नाही. बाळे एका दवाखान्यातून दुसऱ्यात जातात, तसे जंतूही जातात.
- दुकान, कोंबडी आणि गोठा. कार्बापेनेमसह अनेक अँटिबायोटिके 'शेड्यूल एच-१'मध्ये आहेत. २०१४ पासून त्यांची विक्री चिठ्ठीवरच करून वेगळ्या वहीत नोंद ठेवणे बंधनकारक आहे. केरळने चिठ्ठीशिवाय होणाऱ्या विक्रीविरुद्ध मेडिकल दुकानांवर धाडी टाकल्या. आपल्याकडेही नियम आहेत, गरज अंमलबजावणीची आहे. कोंबड्यांची वाढ होण्यासाठी खाद्यातून कोलिस्टिन दिले जात होते. केंद्राने २०१९ मध्ये पशुपालनात त्यावर बंदी घातली. कुक्कुटपालन आणि दुधाचा मोठा व्यवसाय असलेल्या आपल्या जिल्ह्याने हे लक्षात ठेवावे. बाळासाठी शेवटचे राखलेले औषध कोंबडीच्या खाद्यात जाता कामा नये.

नव्या राष्ट्रीय आराखड्याचे यश आम्ही याच कसोटीवर तपासू. दिल्लीत किती बैठका झाल्या याला फार महत्त्व नाही. तालुक्याच्या ठिकाणी घेतलेल्या कल्चरच्या बाटलीचा रिपोर्ट ४८ तासांत डॉक्टरच्या हातात पडतो का आणि रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती बाळे असतात, हे पाहावे लागेल.

आई-वडिलांनी काय करावे, काय विचारावे?

बाळ एनआयसीयूत असेल तर हे प्रश्न विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही.

- ब्लड कल्चर घेतले का? रिपोर्ट कधी येईल?
- सध्या कोणते अँटिबायोटिक चालू आहे? ते किती दिवस द्यायचे? थांबवण्याचा निर्णय कधी घेणार?
- आईचे दूध कधीपासून देता येईल? तोवर दूध काढून कसे ठेवायचे?
- कांगारू काळजी कधी सुरू करायची? वडील किंवा आजी करू शकतात का? (हो, करू शकतात.)

बाळाला भेटताना अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवा. मोबाइल बाहेर ठेवा. सर्दी-खोकला असेल तर आत जाऊ नका. "हात धुतले का?" असे डॉक्टरला किंवा सिस्टरला विचारणे हा उद्धटपणा नाही. घरी आल्यावर बाळाला घुटी, मध, गूळपाणी काही चाटवू नका. बेंबीला तेल, हळद, राख लावू नका.

आणि दुसऱ्या दवाखान्यात हलवताना आधीच्या सर्व औषधांची चिठ्ठी, तारखांसह, सोबत घ्या.

ताबडतोब दवाखाना गाठा, जर…

- बाळ दूध ओढेनासे झाले किंवा मलूल पडले
- अंग गार लागते किंवा ताप आहे
- श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त आहे, छाती आत ओढली जाते किंवा श्वास मधेच थांबतो
- पोट फुगले आहे, हिरवी उलटी होते
- झटके येतात, ओठ निळे पडतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात
- बेंबीतून पू येतो किंवा भोवती लाली पसरते

सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि वाहतूक जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. १०२ किंवा १०८ वर फोन करा, आशाताईंना कळवा.

शेवटी

दाराबाहेरच्या त्या बापाला आम्ही काय सांगतो? "दादा, औषध आम्ही देतोच आहोत, आणि कल्चरप्रमाणे बदलूही. पैशानं मिळणारं सगळं करू. पण आता आम्हाला बाळाच्या आईची गरज आहे. त्यांना हात धुऊन आत पाठवा."

पुष्कळदा बाप गोंधळतो. एवढ्या यंत्रांमध्ये आई काय करणार, असे त्याला वाटते. ती दूध देते, छातीची ऊब देते, आणि तिच्या अंगावरचे साधे, औषधाला मरणारे जंतू बाळाला देते. शेवटच्या पायरीचे औषध निष्फळ ठरू लागलेल्या काळात हे तिघेही आमच्या बाजूने लढतात.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या बाळाच्या उपचारांचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. चालू असलेले अँटिबायोटिक स्वतःहून बंद करू नका.*